स्पोर्ट्स कोटा आणि जिमी जॉर्ज

आपल्याकडे कॉलेजात बरं व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोराला सगळे एकच प्रश्न विचारतात. "पुढे काय?" आणि उत्तरही विचारणाऱ्याकडे तयार असतं. रेल्वे, पोलीस, नाहीतर सरकारी नोकरीतला खेळाडूंचा ५ टक्के कोटा. म्हणजे पोरगं बाविसाव्या वर्षी खेळाच्या जोरावर नोकरीला लागतं, आणि मग त्या नोकरीच्या जोरावर खेळ हळूहळू सुटतो!

मी त्या पोरांना नावं ठेवणार नाही. घरी दोन बहिणी, शेती पावसावर, अशा पोराला 'पॅशन फॉलो कर' वगैरे सांगायला आपल्या एसी क्युबिकलमधल्या लोकांच्या बापाचं काय जातं? पण या सगळ्यात एक माणूस मला फार छळतो. जिमी जॉर्ज.

क्रिकेटवाल्यांना हे नाव माहीत असण्याची शक्यता कमीच. जन्म १९५५, गाव पेरावूर, जिल्हा कण्णूर, केरळ. वडील खेळायचे, भाऊ खेळायचे, घरात व्हॉलीबॉलचंच वातावरण. (लांब उडीवाली अंजू बॉबी जॉर्ज याच घरची सून, जिमीच्या धाकट्या भावाची बायको.) १९७१ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, हा केरळच्या संघात. मग पालाच्या सेंट थॉमस कॉलेजात आला आणि केरळ विद्यापीठाकडून खेळला, १९७६ साली कॅप्टनही होता. मधेच १९७४ला तेहरानचं एशियाड. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, आपण ज्या वयात एम-थ्रीची बॅक कशी काढायची या विवंचनेत असतो, त्या वयात हा भारताकडून नेटवर उड्या मारत होता. एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार.

आणि त्याच वर्षी, १९७६ला, केरळ पोलिसात भरती!

इथपर्यंतची गोष्ट अगदी आपल्या ठरलेल्या रस्त्यानेच जाते. चांगला खेळाडू, कॉलेज, युनिव्हर्सिटी, खाकी वर्दी. पुढचं सगळं डोळे मिटून लिहिता येईल, पोलीस गेम्स, प्रमोशन, सुटलेलं पोट. पण जिमीने ते लिहू दिलं नाही. १९७९ला तो चक्क ऑनसाइट गेला. अबू धाबीच्या क्लबकडून खेळायला, पैसे घेऊन. १९८२ला तिथून थेट इटलीत, त्रेविझोच्या संघात. तेव्हाही इटलीची लीग जगातल्या कडक लीग्समधली एक मानली जायची. तिथे हा पेरावूरचा माणूस स्मॅश मारून जगत होता.

आता कोणी म्हणेल, त्याच्यात टॅलेंटच तेवढं होतं. होतं की. पण नुसतं टॅलेंट पुरत नाही हे बघायला जरा अमेरिकेत डोकावू. जिमी अबू धाबीला गेला त्याच सुमारास तिकडे कार्च किराय नावाचा पोरगा यूसीएलएमध्ये बायोकेमिस्ट्री शिकत होता आणि कॉलेज टीमकडून खेळत होता. चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं, वर डिग्रीही नीट पूर्ण केली, आणि १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक गोल्ड. कॉलेजने त्याला 'खेळ की अभ्यास' असं कोपऱ्यात घेतलं नाही. (आमच्या कॉलेजात इंटर-झोनलच्या दिवशीच सबमिशन ठेवायची पद्धत होती. आमचा लिफ्टर जर्नल बगलेत घेऊन एसटीत बसलेला मी पाहिलाय. असो.) पण गंमत पुढेच आहे. क्लब व्हॉलीबॉल खेळून कमवायची वेळ आली तेव्हा हा किरायही १९९०ला इटलीलाच गेला, रावेन्नाला. म्हणजे अमेरिकेसारख्या देशानेही कॉलेजात खेळाडू घडवला, पण इनडोअर लीगचा पगार दिला तो इटलीने.

माझा मुद्दा एवढाच आहे. कॉलेजचं काम कॉलेज बऱ्यावाईट पद्धतीने करतंच, आपल्याकडेही करतं. खड्डा आहे तो बावीस ते तीस या वयात. स्पोर्ट्स कोटा त्या खड्ड्यावर फळी टाकतो, पोराला पलीकडे सुखरूप नेतो, पण पलीकडे ऑफिस असतं, कोर्ट नसतं. त्या आठ वर्षांत खेळाचाच पगार देणारी लीग हवी. २०११ला एक लीग आली, एका सीझनमध्ये आटोपली. २०१९ला दुसरी आली, तीही एकाच सीझनची. २०२२ला प्राइम व्हॉलीबॉल सुरू झाली, २०२३ला त्यात मुंबईचा संघही आला, ही मात्र टिकलेली दिसते. पण सीझन काही आठवड्यांचा. उरलेले महिने पोराने काय खायचं? तेव्हा कोणी भरतीचा फॉर्म भरला तर तो शहाणाच आहे.

जिमी परदेशात कमवत होता तरी देशाकडून खेळायला येत राहिला. १९८६च्या सोल एशियाडमध्ये भारताला ब्राँझ मिळालं तेव्हा तो संघात होता. पुढे हांगझोऊच्या एशियाडपर्यंत, म्हणजे २०२३पर्यंत, पुरुष संघाला तिथे पदक मिळालेलं नाही. सोलनंतर सव्वा वर्षाच्या आतच, ३० नोव्हेंबर १९८७ला, इटलीत कार अपघातात तो गेला. वय बत्तीस.

तिरुवनंतपुरमच्या इनडोअर स्टेडियमला त्याचं नाव आहे. इटलीतल्या मोंतिकियारी नावाच्या गावातही एक स्टेडियम आहे, पालाजॉर्ज. तेही त्याच्याच नावाचं.