शेजाऱ्याची विहीर

पनवेलहून दिवामार्गे वसईला गाडी जाते. तिकडची केळीची नि पानवेलीची वाडी विहिरीच्या गोड्या पाण्यावर उभी. किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. उपसा बेसुमार झाला की खालचे खारे वर चढते. इमारतींसाठी टँकर भरू लागले, तेव्हा वाडीवाल्यांच्या पोटात गोळा आला.

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा हरित वसई संरक्षण समितीतून पुढे झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक. प्रवचन आटोपून लेखणी घेऊन बसता आले असते. पण शेजाऱ्यावर माया करायची आणि त्याची विहीर आटू द्यायची, हे ख्रिस्ती माणसाला कसे जमावे? चर्चला जाणाऱ्यांबरोबर देवळात जाणारेही समितीत आले. धमक्या आल्या, तरी फादर हटले नाहीत. २०२० साली ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले (त्यांच्या धर्मावरून कुरकुरणारेही निघालेच!), २०२४ साली वारले.

आपल्या पनवेलच्या खाडीकाठीही पाण्याची हीच गत. चैत्रात विहिरीचे पाणी जिभेवर घेऊन पाहा. मचूळ लागले तर शेजारच्या विहिरीवाल्यालाही बोलवा आणि दोघांनी आलटूनपालटून पंप लावा.