द्राक्षांचा समुद्रप्रवास आणि तोडणीची नोंद

द्राक्षांचा हंगाम जवळ आला म्हणजे आपल्या सभांतून एकच ओरड ऐकूं येते. रीफर कंटेनर वेळेवर मिळत नाहींत, बोटींचें भाडें भारी झालें, सरकारनें याची तजवीज करावी. ही ओरड सर्वस्वीं खोटी आहे असें नाहीं. परंतु माल परदेशीं नरम निघाला, देठ तपकिरी पडले आणि पट्टींतून पैसे कापले गेले, अशा ज्या तक्रारी आपण मागाहून करतों, त्यांचें मूळ बहुधा बोटीवर नसतें. तें आपल्या बागेपासून शीतगृहापर्यंतच्या वाटेवर असतें. आणि त्या वाटेची एक ओळही कोणी लिहून ठेवीत नाहीं. या गोष्टीकडे बागाईतदार बंधूंचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कंटेनर काय करितो हें समजून घेतलें पाहिजे. तो म्हणजे बर्फाची खोली, ऊन लागलेलें फळ आंत टाकलें कीं गार होतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः गार केलेला माल गार राखणें एवढेंच त्याचें काम. एका टोकाच्या यंत्रांतून थंड हवा तळाच्या पन्हाळींतून पुढें जाते, खोक्यांच्या भोंकांतून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत येते. आंत भिंतीवर वरच्या बाजूस तांबडी रेघ मारलेली असते. तिच्यावर खोकीं रचलीं कीं हवेची परतीची वाट बुजली. तळाचा भाग उघडा राहिला, तर हवा जवळच्याच फटींतून वर निघून माघारी जाते व दाराकडील मालास ती पोंचतच नाहीं. बारा-तेरा टन माल आंतून उबदार असला, तर तो निवविण्यास त्या यंत्रास कित्येक दिवस लागतात. तेवढ्या अवकाशांत देठ सुकतात आणि खोक्यांत पाणी सुटतें. बुरशी येऊं नये म्हणून ठेवलेल्या गंधकाच्या कागदास ओल लागली कीं त्यांतून वायु एकदम अधिक सुटतो व मण्यांचा रंग उडतो. मग तिकडचा व्यापारी हा सारा दोष बागेचा म्हणून लिहितो, आणि त्यास खोटें ठरविण्यास आपणांपाशीं कांहीं नसतें.

हा व्यवहार नवा नव्हे. १८८२ सालच्या फेब्रुवारींत न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरांतून ‘डनेडिन’ हें शिडाचें जहाज गोठविलेलें मटण घेऊन लंडनला निघालें व सुमारें ९८ दिवसांनीं पोंचलें. जवळजवळ पांच हजार मेंढ्यांपैकीं एकच टाकाऊ ठरली. वाटेंत उष्ण कटिबंधांत थंड हवा खेळेना, तेव्हां कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या मार्गांत सरपटत शिरला आणि करवतीनें नवीं भोंकें पाडून अर्धवट गोठलेल्या स्थितींत बाहेर आला, ही कथा प्रसिद्धच आहे. मला मात्र त्या हकीकतींतील दुसराच भाग अधिक बोधप्रद वाटतो. गोठविण्याचें यंत्र जहाजावर होतें, तरी मेंढ्या ज्या कंपनीच्या, तिनें तोटारा येथील आपल्या इस्टेटीवरच कत्तलखाना बांधला होता. मांस तेथें निववून मग आगगाडीनें बंदरास नेत. म्हणजे पहिल्या कांहीं तासांची व्यवस्था मालाच्या धन्यानें आपल्या हातीं ठेविली होती.

आपल्याकडे हे तास कोणाच्या हातीं आहेत? द्राक्ष हें तोडल्यावर पिकणारें फळ नव्हे. वेलीवर असेल तेवढीच त्याची गोडी, आणि तोडल्या क्षणापासून फक्त उतार. दंव सुकल्यावर व ऊन चढण्यापूर्वीं तोडणी करावी, सुमारें ६ तासांच्या आंत माल प्रीकूलिंगला लागावा, पुढें शून्य अंशाच्या आसपास व ९० ते ९५ टक्के आर्द्रतेंत रहावा, हें आतां निफाड-दिंडोरीच्या कोणत्याही बागाईतदारास ठाऊक आहे. ठाऊक असूनही मजूर उशिरा आले, गाडी दुसऱ्याच्या बागेंत अडकली, पॅकहाऊसच्या दारीं रांग लागली, अशा कारणांनीं भर दुपारीं क्रेट झाडाखालीं पडून असतात. यांत नेहमीं शेतकऱ्याचाच दोष असतो असें नाहीं. पुष्कळदां गाडी व्यापाऱ्याची असते. पण दोष कोणाचा हें सांगणारा कागद नाहीं, आणि जेथें कागद नाहीं तेथें नुकसान दुबळ्याच्या माथीं बसतें.

या व्यवहारांतील बाकी सर्वांपाशीं कागद आहे, हें ध्यानांत घ्यावें. बोटीच्या कंपनीपाशीं कंटेनरच्या यंत्राची नोंद असते. पण ती हवेच्या उष्णमानाची, फळाच्या गराच्या उष्णमानाची नव्हे. हवा शून्य अंशावर होती एवढें तिनें दाखविलें कीं ती बहुधा मोकळी झाली. निर्यातदारापाशीं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीची पावती, असते. तिच्या आधारें नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यांत घेतांनाच, आणि दोष वरून दिसण्यासारखा नसल्यास तीन दिवसांच्या आंत द्यावयाची व दावा एका वर्षाच्या आंत लावावयाचा, असा सामान्य नियम आहे. बागाईतदाराचें नांव त्या पावतीवर बहुधा नसतेंच. त्याच्या हातीं येते ती शेवटची पट्टी, आणि तीही कापलेली.

महसूल खात्यांत दप्तर सांभाळलेल्या माणसास याचें नवल वाटत नाहीं. पीकपाहणी त्या त्या वेळीं शेतावर न लिहितां वर्षअखेर अंदाजानें भरली, म्हणजे पुढें वाद निघाला असतां ती नोंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. याउलट त्याच दिवशीं, त्याच जागीं, दोघांच्या सहीनें लिहिलेली साधी ओळ फार काळ टिकते. फवारणीच्या बाबतींत हा धडा आपण महाग किंमत देऊन शिकलों आहों. २००३ सालीं युरोपांत आपल्या मालांत कीटकनाशकांचे अंश सांपडले, त्यानंतर अपेडानें ग्रेपनेटची पद्धत घातली. २०१० सालीं क्लोरमेक्वाटमुळें माल पुन्हां अडकला. आतां प्लॉटाची नोंदणी व फवारणीची वही यांस कोणी हंसत नाहीं. मग तोडणीच्या वेळेची वहीच तेवढी जड कां व्हावी?

वही अगदीं लहान असावी. प्लॉटाचा नंबर, पहिला घड कापल्याची व शेवटचा क्रेट भरल्याची वेळ, गाडी निघाल्याची वेळ, पॅकहाऊसला पोंचल्याची वेळ व त्या वेळचें गराचें उष्णमान, प्रीकूलिंगला लावल्याची वेळ, बाहेर काढतांनाचें उष्णमान, कंटेनरचा व सीलाचा नंबर. बागेचा माणूस व पॅकहाऊसचा माणूस यांच्या सह्या, आणि एक प्रत शेतकऱ्यापाशीं. करारांत एक कलम असावें कीं, मालांत ठेवलेल्या उष्णमानयंत्राची नोंद व तिकडील तपासनिसाचा अहवाल यांच्या नकला दाखविल्यावांचून पट्टींत कपात करतां येणार नाहीं.

निर्यातदार हें कबूल करणार नाहीं, असें कोणी म्हणेल. एकट्यादुकट्याचें कबूल करणार नाहींच. शेंदोनशें एकरांच्या वतीनें सोसायटी बोलूं लागली तर त्यास ऐकावें लागेल. बांधावर रोख भाव ठरवून मोकळे होणाऱ्यांसही हें लागू आहे. भाव बांधावर ठरतो खरा, पण निम्मे पैसे बोट पोंचेपर्यंत राहतात, आणि राहिलेल्या पैशांनाच कात्री लागते.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. ही वही आपल्या विरुद्धही बोलेल. ज्यानें बारा वाजतां तोडणी चालू ठेवली, त्याची वेळ तींत दिसेल. कित्येकांना वही नको आहे ती याचसाठीं, असें मला स्पष्ट वाटतें. पण त्यांच्यासाठीं वेळेवर तोडणाऱ्यानें कपात कां सोसावी?

२०२३ सालाच्या अखेरीस तांबड्या समुद्रांत बोटींवर हल्ले होऊं लागले आणि २०२४ च्या हंगामांत बहुतेक माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेला. एरव्हीं तीन-चार आठवड्यांत रॉटरडॅमला पोंचणाऱ्या मालास दहा ते पंधरा दिवस अधिक लागले. समुद्रावरचे ते दिवस कमी करणें आपल्या हातीं नव्हतें व पुढेंही असणार नाहीं. प्रवास लांबला कीं तोडणीच्या दिवशीं गमावलेल्या दोन तासांची किंमत मात्र वाढते. म्हणून माझी सूचना अशी आहे कीं, येत्या वार्षिक सभेंत कंटेनरच्या भाड्याविषयींचा ठराव मागें ठेवून आधीं दोन विषय घ्यावेत: सभासदांच्या पैशानें गांवाजवळ एक लहान प्रीकूलिंगची खोली, आणि तोपर्यंत या वहीची छपाई. खोलीस एकदोन वर्षें लागतील. वही पहिल्या तोडणीपूर्वीं छापून होऊं शकते.