लंगड्या घोड्याचा ‘फोटो’

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर किंवा पाचगणीच्या टेबल लँडवर एक घोडा लंगडू लागला, की एका घरची रोजची कमाई थांबते. मग नाल बदल, शेक दे, लेप लाव, यात आठवडे जातात. दुखणे पुष्कळदा खुरात असते आणि खुरातले हाड वरून दिसत नाही. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण लंगडा घोडा पसरणीचा घाट उतरवून तिथवर न्यायचा कसा?

डिजिटल एक्स-रेची गरज मला वाटते ती इथे. छोटे यंत्र व प्लेट गाडीतून तबेल्यापर्यंत नेता येते. अंधारखोली नको, फिल्म धुणे नको. फोटो काही सेकंदांत लॅपटॉपवर. घोडा हलला असेल तर तिथेच कळते. सातारा-सांगलीसाठी मिळून असे एक फिरते यंत्र सरकारने द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीकडचे शर्यतीचे घोडेही त्यात आलेच.

मात्र प्लेट धरायला घोडेवाल्याच्या पोराला उभे करू नये. लांब दांड्याची पकड हवी, जवळच्यांना शिशाचा एप्रन हवा. गरोदर बाईने तर दूरच राहावे. आणि शीर दुखावली असेल तर ती एक्स-रेत दिसत नाही. तेव्हा डॉक्टरांनी आधी पाय हाताने चाचपावा, फोटो नंतर.