वॉशिंग मशीन कुरकुरायला लागलं की…

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. त्यांचं मशीन सात वर्षांचं. कपडे पिळायला लागलं की जात्यात खडा आल्यासारखा आवाज करतं. मेकॅनिक आला, दारातूनच ऐकलं न ऐकलं केलं आणि ‘ड्रमच बदलावा लागेल’ म्हणून मोकळा झाला. यजमान म्हणतात, एवढा खर्च करण्यापेक्षा नवीनच घेऊ. सासूबाई म्हणतात, हातानं धुवा! आता बाईंनी करावं काय?

ताई, नवीन मशीनचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी आपलं मशीन काय सांगतंय ते नीट ऐका. तापलेल्या मुलाला डॉक्टरांकडे नेलं की ते पहिलं विचारतात, ‘ताप केव्हा चढतो?’ इथंही तोच प्रश्न. आवाज पाणी भरताना येतो, कपडे घुसळताना, पाणी सोडताना, की पिळताना? एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

पाणी भरताना मोठी गुणगुण आणि धार बारीक, असं असेल तर नळ पुरता उघडलाय का, टाकीत पाणी आहे का ते बघा. तेही ठीक असेल तर नळ बंद करून पाइपाचं मशीनकडचं टोक सोडा. आत एक छोटी जाळी असते. आपल्याकडच्या पाण्यात रेती-गाळ काय कमी असतो! ती जाळी जुन्या टूथब्रशनं घासून परत बसवा. पाणी भरून होताच भिंतीतल्या नळीत ‘ठक्’ असा दणका बसत असेल, तर नळ थोडा कमी सोडून बघा. धावतं पाणी एकदम अडवलं गेल्यानं तो दणका बसतो.

घुसळताना टकटक झाली तर बहुतेक वेळा दोष मशीनचा नसून पँटच्या चेनचा, नाहीतर मोठ्या बटणांचा असतो. चेन लावून, कपडे उलटे करून टाका.

पाणी सोडताना घरघर आणि खडखड मात्र दुर्लक्षू नका. पुढून दार असलेल्या बहुतेक मशीनना खाली एका कोपऱ्यात लहानसं झाकण असतं, त्याच्या आत पंपाची गाळणी. प्लग काढा, गरम पाण्याची धुलाई झाली असेल तर पाणी निवू द्या, खाली परात आणि जुना टॉवेल ठेवा आणि गाळणी हळूहळू फिरवून काढा. नाणी, सेफ्टी पिना, केसातले आकडे, कधी काळे मणीसुद्धा निघतात! (यजमानांच्या खिशातली नाणी आपण का काढायची, हा वेगळा विषय आहे. त्यावर एकदा लिहीनच.)

आता पिळण्याचे आवाज. हे समजून घ्यायला थोडा वेळ द्या, कारण मोठी बिलं इथंच होतात. पुढून दार असलेली बरीच मशीनं पिळताना मिनिटाला १००० ते १२०० फेरे घेतात. १२०० म्हणजे सेकंदाला २०! एकटी सोलापुरी चादर आत टाकली की ओली होऊन ती एका बाजूला गोळा होते आणि मशीन धडधडत नाचायला लागतं. सोबत दोन टॉवेल टाका, भार सारखा वाटला जाईल. तरीही धडधडलं तर रिकाम्या मशीनचे समोरासमोरचे कोपरे दाबून बघा. डुगडुगलं तर पाय फिरवून समतल करा. मशीन नवीन असेल किंवा बदलीच्या गावी नुकतंच आणलं असेल, तर मागे ड्रम आवळून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत का, तेही पाहा. ते काढल्यावर फेकू नका हं, पुढच्या बदलीला लागतील.

वेग घेताना चिरका आवाज आणि रबर जळल्याचा वास आला तर पट्टा सैल झाला असेल. काही मशीनना पट्टाच नसतो, हेही माहीत असू द्या. खरवडल्यासारखी करकर आली तर आतल्या कपड्याची तार निसटून ड्रमच्या मागे अडकलेली असू शकते. दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवून बघा.

वेगाबरोबर वाढत जाणारी, विमान उडाल्यासारखी घरघर ही बेअरिंगची खूण. परीक्षा सोपी आहे. प्लग काढा, रिकामा ड्रम हातानं फिरवा. खरखर लागते का? मग ड्रमची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम बाहेरच्या टबासकट हलला तर चिंता नाही, तो स्प्रिंगवर टांगलेला असतो. पण आतला ड्रम एकटाच टबाच्या आत ठकठक हलला, तर बेअरिंग गेलं. आधी रबरी सील झिजतं, पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज चढतो. असं मशीन महिनोन् महिने तसंच चालवलं तर आसही झिजतो, मग खर्च खरोखरच वाढतो.

पत्रलेखिका ताईंनी हीच परीक्षा करावी. ड्रम गुळगुळीत फिरला तर आधी गाळणी आणि अडकलेली तार तपासून घ्या. खरखरला तर मेकॅनिकला स्पष्ट विचारा, ‘नुसतं बेअरिंग आणि सील बदलता येतं का?’ काही मशीनचा टब कायमचा जोडलेला असतो, तिथं तो अख्खा बदलावा लागतो. तेव्हा तो माणूस खोटंच बोलतोय असंही धरून चालू नका.

दोन भाग असलेल्या मशीनवाल्यांनी एक बघावं. ड्रायरचं झाकण उघडल्यावर टब थोड्याच वेळात थांबला पाहिजे. फिरतच राहिला तर ब्रेक झिजलाय. टब पुरता थांबेपर्यंत हात आत घालू नका, ओला कपडा बोटांना गुंडाळला जाऊन भयंकर इजा होते. मागचं झाकणही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते. जळका वास आला किंवा मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या तर मशीन लगेच बंद ठेवा आणि अर्थिंग तपासून घ्या.

मेकॅनिक आला की मशीन नेमकं गप्प बसतं, हा अनुभव सगळ्यांचाच! म्हणून आवाज मोबाईलवर टेपून ठेवा आणि तो केव्हा येतो ते कागदावर लिहा. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा. बेअरिंग बदललं तर सीलही नवीन घातलं का ते विचारा आणि काढलेलं जुनं बेअरिंग मागून घ्या. बोटांत धरून फिरवा, खराब असेल तर खडखड तुमच्याच हाताला लागेल.