स्तनकर्करोगातील संप्रेरकरोधक गोळी आणि आपले उत्तरदायित्व

कर्करोगाच्या रुग्णाने वैद्याकडे जावे की न जावे, हा वाद आता निरर्थक झाला आहे. रुग्ण येतातच. स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार आटोपलेल्या स्त्रिया अंगाची लाही, घाम, निद्रानाश, सांधेदुखी अशा तक्रारी घेऊन आपल्या चिकित्सालयांत येतात. त्यांपैकी अनेकींना टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल वा ॲनास्ट्रोझोल यांपैकी एक गोळी रोज चालू असते आणि या तक्रारी पुष्कळदा त्या गोळीमुळेच उद्भवलेल्या असतात. त्या गोळीच्या कार्यात आपल्या औषधाने व्यत्यय येणार नाही, ही दक्षता आपण घेतो काय, हा खरा प्रश्न आहे.

या गोळीचे महत्त्व प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या अर्बुदात टॅमॉक्सिफेन पाच वर्षे घेतल्यास पहिल्या १५ वर्षांतील स्तनकर्करोगजन्य मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. काही रुग्णांत ती दहा वर्षे घेणे अधिक हितकर ठरते, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲटलास’ या बहुराष्ट्रीय अभ्यासाने दाखविले. म्हणून “या उष्ण गोळ्या आता पुरे” असा सल्ला कोणाही वैद्याने देऊ नये. त्याचा दुष्परिणाम उद्या दिसत नाही. तो काही वर्षांनी रोग उलटल्यावर दिसतो आणि तेव्हा त्या सल्ल्याची कोणाला आठवणही नसते.

टॅमॉक्सिफेनचे यकृतात एंडॉक्सिफेन या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. हे रूपांतर रोखणारे कोणतेही औषध गोळीचे बळ कमी करू शकते. हा नियम केवळ आयुर्वेदासाठी नाही. पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरील आधुनिक औषध टॅमॉक्सिफेनसोबत घेणाऱ्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळल्याचे कॅनडातील अभ्यासाने २०१० साली नोंदविले. आता आपल्या द्रव्यांकडे वळू. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या लहानशा अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ स्त्रियांना दिवसातून तीन वेळा १२०० मिलिग्रॅम करक्युमिन व त्यासोबत पायपेरिन दिले असता रक्तातील एंडॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी घटले. भाजीतील चिमूटभर हळदीने भिण्याचे कारण नाही. परंतु हळदीच्या अर्काच्या कॅप्सुलांबाबत सावध राहिलेच पाहिजे. मिरी व पिंपळी यांतही पायपेरिन असते, म्हणजे त्रिकटुयुक्त कल्पांचाही विचार करावयास हवा. संयोगाने द्रव्याचा गुण पालटतो, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६व्या अध्यायात विरुद्ध आहाराच्या संदर्भात सांगितलेच आहे. तोच विवेक येथे लावावयाचा आहे.

दुसरी काळजी इस्ट्रोजेनसदृश कार्य करणाऱ्या द्रव्यांची. यष्टिमधूतील काही घटकांत असे कार्य प्रयोगशाळेत आढळले आहे आणि शतावरीविषयीही तशी शंका घेतली जाते. रुग्णांत यामुळे हानी होतेच असे सिद्ध नाही. पण इस्ट्रोजेन रोखण्यासाठी गोळी चालू असताना ‘स्त्रियांचे टॉनिक’ म्हणून अशी द्रव्ये दीर्घकाळ देण्याचे समर्थन आम्हांस करवत नाही.

काही लक्षणांत चिकित्सेपूर्वी तपासणी अनिवार्य समजावी. टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग व शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव दिसल्यास अशोकारिष्ट लिहून मोकळे होऊ नये; स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. एका पायास सूज व वेदना असल्यास मर्दन मुळीच करू नये. त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी अस्थी ठिसूळ होतात. अस्थिघनतेची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे.

मग वैद्याने करावयाचे काय? पुष्कळ. नियमित व्यायामाने या गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी कमी होऊ शकते. दिनचर्या, पथ्याहार, सौम्य अभ्यंग, निद्रेची शिस्त आणि धीर ही आपलीच क्षेत्रे आहेत. त्रास असह्य झाल्यास गोळी परस्पर न थांबविता तिला कर्करोगतज्ज्ञाकडे परत पाठवावे. तेथे गोळी बदलण्याचे पर्याय असतात. पोटात घ्यावयाचे औषध देणे आवश्यकच वाटले, तर घटकद्रव्यांची नावे व मात्रा चिठ्ठीवर लिहून ती त्या तज्ज्ञांना दाखविण्यास सांगावे.

फार्मसीचालकांकडे आमची एक मागणी आहे. हळदीचा अर्क, पायपेरिन, शतावरी वा यष्टिमधू असलेल्या उत्पादनांच्या लेबलवर “स्तनकर्करोगाची गोळी चालू असल्यास वैद्य व कर्करोगतज्ज्ञ यांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये” ही एक ओळ मराठीत छापावी. विक्री थोडी घटेल, हे आम्ही जाणतो. परंतु कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने मज्जाव आहे, तो रुग्णाच्या रक्षणासाठीच. त्याच हेतूने ही ओळ आपण स्वेच्छेने छापली, तर शास्त्राची प्रतिष्ठा वाढेल. आणि वैद्यांनी आजपासून प्रत्येक रुग्णपत्रिकेत एक प्रश्न वाढवावा: “दुसरीकडची कोणती गोळी चालू आहे?”