शिवी कोणाच्या नावाची?

शहापूरच्या बाजारात नाहीतर मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर दोन जिवलग मित्र भेटले की आधी शिवी निघते, 'जयभीम' मागाहून. ऐकणाऱ्याला वाटावे, आता जुंपणार. पण दोघे हसत एकच चहा अर्धा अर्धा घेतात. काकाही पुतण्याला शिवी हासडूनच जेवायला बोलावतात. तोंडात शिवी, पोटात माया! या मायेवर आमचा आक्षेप नाही. वीटभट्टीवर, शेतात, कसारा लोकलच्या गर्दीत घाम गाळणाऱ्याने मास्तरांसारखे बोलावे, असेही आम्ही म्हणत नाही. 'गाढवा', 'मेल्या' याने कोणाचे काही बिघडत नाही.

परंतु वाचकहो, शिवी कोणाच्या नावाची, तेही पाहा. मस्करी दोन पुरुषांची आणि अब्रू निघते घरी भाकरी थापणाऱ्या आईची, सासरी नांदणाऱ्या बहिणीची. त्यांनी कोणाचे काय वाकडे केले?

"मनावर कोण घेतो? बोलायची सवयच आहे," असे उत्तर मिळते. जातीवरून हाक मारणारेही आपल्या वाडवडिलांना हेच सांगत. ती 'सवय' आपण चालू दिली नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला. २०१६ साली लागू झालेल्या दुरुस्तीने चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. मग जातीच्या शिवीला जो न्याय, तोच आईबहिणीच्या शिवीला का नको?

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात सौंदाळा गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला की, आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड. दंडाने जीभ सुधारेलच असे नाही. पण बाईचा मान हा गावाच्या सभेचा विषय झाला, हे थोडे नव्हे.

आपल्या अष्टांगिक मार्गात तर सम्यक वाचा सांगितलीच आहे. खोटे, चहाडी, कठोर बोल आणि व्यर्थ बडबड टाळणे, हे तिचे चार भाग. विहारात ते ऐकायचे आणि पायरी उतरताच आईचा उद्धार करायचा, हे शोभते का? लेकरू शिवीचा अर्थ कळण्याआधी शिवी उचलते.

म्हणून आम्ही एवढेच सुचवतो. घरात एक डबा ठेवा. आईबहिणीवरून शिवी गेली की देणाऱ्याने त्यात पाच रुपये टाकावेत. महिनाअखेर त्या पैशांतून पोरांच्या वह्या आणा. डबा मात्र घरातल्या बाईच्या ताब्यात असावा. आणि मित्राला शिवी द्यायचीच झाली, तर त्याची त्यालाच द्या!