हौस, हुन्नर आणि कलम ५२

मॉडिफाय केलेल्या गाड्यांचं प्रदर्शन पाहून आलेल्या हौशी मंडळींत लगेच दोन तट पडतात. कुणी जुन्या जिप्सीच्या रुंद टायरवर आणि हातानं ठोकलेल्या पत्र्यावर खूश असतं. कुणी म्हणतं, नुसते स्टिकर, एलईडी आणि कान फाडणारे सायलेन्सर. यात कारागिरी कुठंय? आम्ही या दुसऱ्यांच्या बाजूचे. आमचं मराठवाड्यातलं पाली गाव धुळे–सोलापूर महामार्गावर आहे, रात्री त्या आवाजानं लेकरं दचकून उठतात.

पण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात. सुमारे ६० हजार रुपयांत, जुने सुटे भाग जुळवून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. नियमांमुळे ती कधीतरी अडवली जाईल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. तयार गाडी बदलणाऱ्यांनाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. ब्रेक आणि चासीपुरतं ते योग्यच. तरी मराठवाड्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांत राबणाऱ्या पोरांना स्वतःचं काम तपासून, पास करून घेण्याची सोपी वाट आरटीओत मिळायलाच हवी.